नातीचं कॅल्क्युलस, आमची पडताळणी

मनुष्यजातीचा सगळा इतिहास हा पातळ्यांचा इतिहास आहे. नदीला पातळी असते, समुद्राला असते, संभाषणाला असते. आणि ज्याला आपली पातळी वेळेवर ओळखता येते तोच माणूस आयुष्यात पुढे जातो. हा विचार मला एका सकाळी स्वयंपाकघरात उभं असताना सुचला आणि तो इतका पसंत पडला की मी तो मोठ्यानं म्हणून पाहिला.

"अहो, दूध!" आमची ही बाल्कनीतून ओरडली.

मला तिथे दुधावर लक्ष ठेवायला उभं केलं होतं, ही गोष्ट विचाराच्या भरात राहून गेली होती. दुधानं मात्र आपली पातळी वेळेवर ओळखली होती आणि ओलांडलीही होती.

ओटा पुसता पुसता मी हिला सांगितलं की मी नातीच्या कॅल्क्युलसचा विचार करत होतो. "तिच्या कॅल्क्युलसचा विचार ती करेल," ही म्हणाली, "तुम्ही बर्नरखाली पुसा."

झालं होतं असं. मुलगी आणि जावई कामानिमित्त आठवडाभर बाहेरगावी गेले होते आणि नात आमच्याकडे राहायला आली होती. जाताना मुलगी मला म्हणाली, "बाबा, तिचं कॅल्क्युलस कुठल्या पातळीचं घ्यायचं ते या आठवड्यात शाळेला कळवायचंय. ती सांगेल तसं होऊ द्या." या बोलण्यातला पहिला भाग मी मनावर घेतला.

नातीच्या शाळेत पुढच्या इयत्तेपासून कॅल्क्युलस तीन पातळ्यांवर शिकवतात. सुलभ, मध्यम आणि प्रगत. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याने आपल्याला झेपेल ती पातळी निवडावी.' आता झेपणं म्हणजे काय, याचा कुठेही खुलासा नव्हता. पोतं झेपतंय की नाही हे उचलल्याशिवाय कळत नाही, आणि इथे तर पोतं न उचलताच सांगा म्हणत होते. तरी पातळी ठरवायला शाळेनं कॉम्प्युटरवर घरबसल्या द्यायची एक चाचणी ठेवली होती. ती दिली की यंत्रच शिफारस करणार.

"आजोबा, माझं ठरलंय," नात म्हणाली. "मला मध्यम हवंय."

"मध्यम? का? घाबरतेस?"

"नाही हो. मला त्या बाईंच्या वर्गात बसायचंय."

मग तिनं हकिगत सांगितली. शाळेनं मुलांना तिन्ही वर्ग बघायला बोलावलं होतं. आमच्या नातीला एक प्रश्न पडला होता की घसरगुंडीचा आकार नेमका कसा केला तर मूल सगळ्यात लवकर खाली पोचेल. सरळ की वाकडा, आणि वाकडा तर किती वाकडा. प्रगतचे सर म्हणाले, "ते पुढे येईल." सुलभच्या मॅडम म्हणाल्या, "ते परीक्षेला नाहीये." आणि मध्यमच्या बाई खडू हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घर्षण धरून? मला नाही माहीत. बघू या." मग सगळ्या वर्गाला घेऊन मैदानात गेल्या आणि घसरगुंडीवरून दप्तरं सोडून वेळ मोजत बसल्या.

"सगळी मुलं त्यांना बघू या बाईच म्हणतात," नात म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते की जणू बाईंनी तिला घसरगुंडीच भेट दिली होती.

मी मात्र हादरलो. कॅल्क्युलसच्या बाईला माहीत नाही? आणि ती हे मुलांसमोर सांगते?

माझी सगळी नोकरी वजनमापं खात्यात गेली. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं तपासायची, तेलाची मापं तपासायची, बरोबर असली की शिक्का मारायचा. आमच्या खात्यात 'माहीत नाही' हे उत्तर अस्तित्वातच नव्हतं. अवघड प्रश्न आला की फाइलवर 'पडताळणी चालू आहे' असं लिहायचं. काही प्रश्नांची पडताळणी माझ्या आधीच्या साहेबांनी सुरू केली होती. मी ती माझ्या कारकिर्दीत अखंड चालू ठेवली आणि पुढच्या साहेबांच्या हाती सुखरूप सोपवून निवृत्त झालो. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला ही बाई परवडणं शक्य नव्हतं.

तेव्हा मी तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरवलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतात. तेही माझ्यासारखे निवृत्त. पण निवृत्तीनंतरही ते खिशाला पेन लावून फिरतात, न जाणो कुठे पूल बांधायची वेळ आली तर. मी विषय काढताच त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

"कॅल्क्युलस! साहेब, मी रोज वापरायचो."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? सगळ्यासाठी! प्रगत घ्या. डोळे झाकून प्रगत."

समोरच्या वहिनी मिक्सरचं भांडं परत करायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या मोठ्यानं प्रगत घेतलं होतं. आज कुठल्या कुठे आहे!" हे त्या आम्हाला गेली कित्येक वर्षं सांगतात, कुठे आहे ते अजून सांगितलेलं नाही. "धाकट्यानं सुलभ घेतलं. तो रोज जेवायला घरी असतो." या दोन मुलग्यांपैकी नक्की कोणाबद्दल त्यांना वाईट वाटतं, ते त्यांच्या आवाजावरून मला आजवर समजलेलं नाही.

"पण तिला काय हवंय ते विचारलंत का?" हिनं आतून विचारलं.

"विचारलं ना. तिनं सांगितलंही. म्हणून तर एवढा विचार करावा लागतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नात पोहायला गेली. ती चाचणी उद्या शाळेच्या वाचनालयात शांतपणे बसून देणार होती, कारण आमच्या घरात शांतपणे बसणं जमत नाही, असं तिचं मत आहे. जाताना तिचं शाळेचं पान माझ्या कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं होतं. मी फक्त बघायला बसलो. प्रश्न कोणत्या दर्जाचे असतात एवढंच बघायचं, आणि त्यावरून तिला शास्त्रशुद्ध सल्ला द्यायचा, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं.

पानावर दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं 'नमुना चाचणी' आणि दुसऱ्यावर नुसतं 'चाचणी'.

इथे दुसऱ्या कुठल्याही माणसानं नमुना उघडला असता. पण मी वजनमापं खात्यातला माणूस. नमुना म्हणून जे दाखवतात ते नेहमीच उत्तम असतं, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल. खरा माल बघायचा असेल तर गोणीच्या तळाशी हात घालावा लागतो. मी तळाशी हात घातला.

पडद्यावर अक्षरं आली. 'चाचणी सुरू झाली आहे. मध्येच बंद केल्यास शून्य गुण नोंदवले जातील.' वर एक घड्याळ उलटं पळू लागलं.

माणसाच्या छातीत अशा वेळी काय होतं याचं वर्णन मी करणार नाही. डॉक्टरांनी मला ते आठवायला मनाई केली आहे. मी नातीला फोन लावला. फोन तिच्या दप्तरात आणि दप्तर आमच्या सोफ्यावर वाजलं. मी हिला हाक मारली.

"शाळेत फोन करून सांगा, चुकून झालं म्हणून," ही म्हणाली.

आता हा सल्ला किती सोपा, सरळ आणि बरोबर होता, हे मला आज दिसतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की शाळेच्या कुणा माणसाला मी 'चुकून' हा शब्द ऐकवायचा आहे. वजनमापं खात्याचा माणूस चुकून! मी खिडकीतून खाली वाकून इंजिनिअरांना हाक मारली.

ते पेन घेऊनच आले. मागोमाग वहिनी आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण जिन्यात कोणी पळताना ऐकलं की त्या येतातच. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो.

पहिला प्रश्न शंकूच्या आकाराच्या टाकीचा होता. तिच्यात पाणी ठरावीक वेगानं पडतंय, तर अमुक उंचीवर पाण्याची पातळी किती वेगानं वाढत असेल?

"सोप्पंय," इंजिनिअर म्हणाले आणि गप्प बसले.

"मग सांगा."

"टाकी कसली आहे ते दिलेलं नाही. लोखंडी की सिमेंटची? हल्ली प्रश्न काढणाऱ्यांना व्यवहार माहीतच नसतो."

"भरली की वाहते, तेव्हा समजतंच की," वहिनी म्हणाल्या.

खाली पाच पर्याय होते. चार आकड्यांचे, आणि पाचवा असा : 'मला माहीत नाही.' त्याच्यापुढे कंसात बारीक अक्षरांत सूचना होती, 'उत्तर येत नसल्यास हा पर्याय निवडावा. गुण कापले जाणार नाहीत.'

ती वाचून आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांच्याही चेहऱ्यावर तोच अपमान दिसला. इंजिनिअरांनी घसा साफ केला. "हा पर्याय कच्च्या मुलांसाठी असणार."

"उघड आहे," मी म्हणालो. आम्ही तिसरा आकडा निवडला, कारण तो दिसायला भरदार होता.

पुढचा प्रश्न असा होता की एक शिडी भिंतीला टेकवून उभी केली आहे आणि तिचं खालचं टोक जमिनीवरून घसरत चाललं आहे. तर वरचं टोक किती वेगानं खाली येत असेल?

"शिडीवर कोण आहे?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणी नाही. नुसती शिडी आहे."

"मग घसरतेय कशाला? कोणीतरी असणार. आधी त्याला खाली उतरवा."

"तसं नसतं गं. हे गणित आहे."

"गणित असलं म्हणून काय माणूस पडू द्यायचा?" ही हात पुसत बाहेर आली. मग शिडी कोणी लावली, खाली धरायला माणूस का नव्हता, फरशी ओली होती का, यावर अशी चर्चा रंगली की घड्याळाकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. वहिनींच्या मामांचं शिडीवरून पडणं त्यात सविस्तर आलं. अखेर इंजिनिअर म्हणाले, "वरचं टोक आणि खालचं टोक एकाच शिडीची आहेत ना? मग वेगही एकच." हा युक्तिवाद मला इतका भक्कम वाटला की मी उभं राहून बटण दाबलं.

मग एक प्रश्न आला की क्ष हा शून्याच्या जवळ जवळ जातो, पण शून्य होत नाही.

"आमच्या दिरांसारखं," वहिनी म्हणाल्या. "येतो येतो म्हणतात, कोपऱ्यापर्यंत येतात, आणि तिथूनच फोन करतात की आज नाही जमत."

"तर मग त्याची सीमा किती?"

"त्यांना कसली सीमा!"

असे प्रश्न येत गेले आणि आमचा आत्मविश्वास वाढत गेला. वक्ररेषेवरचा सर्वांत सुंदर बिंदू वहिनींनी निवडला. जिथे मूळ सूत्रच कळत नव्हतं तिथे इंजिनिअर "हे आम्ही टेबलात बघायचो" असं म्हणून टेबलाकडे बघत. मी अध्यक्षस्थानी होतो. ही जाता-येता एकच वाक्य म्हणत होती, "अहो, येत नाही तर तो पाचवा दाबा ना! तिथे लिहिलंय ना तसं!" आम्ही तिघं तिच्याकडे करुणेनं पाहत होतो. संपूर्ण चाचणीत आम्ही पाचव्या पर्यायाला हात लावला नाही. शेवटचं उत्तर दिल्यावर इंजिनिअरांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि हिनं सगळ्यांना चहा दिला.

चहा संपायच्या आत निकाल आला.

'या विद्यार्थिनीला कॅल्क्युलस येत नाही ही अडचण नाही. आपल्याला काय येत नाही याचा तिला अंदाज नाही, ही अडचण आहे. शिफारस : पूर्वतयारी वर्ग. या वर्गात अपूर्णांकांपासून सुरुवात केली जाईल.'

म्हणजे सुलभच्याही खाली एक तळघर होतं, ज्याचा माहितीपत्रकात उल्लेखसुद्धा नव्हता, आणि आम्ही तिथे थेट पोचलो होतो.

"यंत्रात बिघाड आहे," इंजिनिअर म्हणाले आणि पेन खिशाला लावून उठले. वहिनींना गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली. येताना धावत आलेले हे दोघं जाताना इतक्या हळू गेले की पावलंही ऐकू आली नाहीत.

नात ओल्या केसांनी परत आली तेव्हा मी खोलीत एकटाच होतो. तिनं पडद्यावरचं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी म्हणालो, "हे बघ, यात तांत्रिक बाजू अशी आहे की..."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसापुढे मला बोलता येतं. तिनं ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला आणि त्याच्याकडे पाहत म्हणाली, "मध्यमच्या जागा उद्या संध्याकाळी बंद होतात, आजोबा."

"मी आहे ना! मी उद्या शाळेत येतो."

"नको. तुम्ही नका सांगू. लोक हसतील तुम्हाला." मग ती म्हणाली, "मीच सांगते की माझी वाईट गेली म्हणून."

त्या दुपारी माझी जी पातळी झाली ती कुठल्याही यंत्राला मोजता आली नसती.

सकाळी मी कडक इस्त्रीचा सदरा घालून तिच्याबरोबर शाळेत गेलो. कार्यालयात तीन खिडक्या होत्या. 'चौकशी', 'तक्रार' आणि 'इतर'. चौकशीच्या खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेले एक कारकून बसले होते. मागे रांग होती. मी त्यांना भारदस्त आवाजात सांगितलं की चाचणीच्या निकालात तांत्रिक स्वरूपाची विसंगती आढळली आहे.

"ही तक्रार झाली. तक्रारीच्या खिडकीत जा."

मी तक्रारीच्या खिडकीपुढे गेलो. ती बंद होती. चौकशीची झडप खाली आली, आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तक्रारीची झडप वर गेली आणि आत तेच कारकून दिसले.

"बोला, काय काम आहे?"

"आत्ताच सांगितलं तुम्हाला."

"ते चौकशीत सांगितलंत. इथे मला काही सांगितलेलं नाही."

इतकं निर्दोष कामकाज मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहत होतो. माझे डोळे पाणावले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"बिघाड यंत्राचा की माणसाचा?"

"त्याची... पडताळणी चालू आहे," मी म्हणालो.

कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर आणून माझ्याकडे पाहिलं. एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यातल्या माणसाला ओळखतो तशी ती नजर होती. "मग पडताळणी होऊ द्या. विद्यार्थ्यानं स्वतः दिलेली चाचणी वाईट गेली तर पुन्हा देता येत नाही. पुढच्या सत्रात बघू. चाचणी त्यानं दिलीच नसेल तर गोष्ट वेगळी, ती 'इतर'मध्ये येते. पण मग कोणी दिली ते लेखी लागेल."

मागून नातीनं माझी बाही ओढली. "चला आजोबा. राहू दे."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार होता आणि त्या उतारावर एक बाई गुडघे टेकून काहीतरी मोजत होत्या. साडीचा पदर खोचलेला, कोपरापर्यंत खडू.

"बघू या बाई!" नात पुटपुटली आणि माझ्यामागे लपली. लपण्याइतका मी अजून रुंद आहे.

बाईंनी तिला ओळखलं. "घसरगुंडीवाली ना तू? अगं, तुझी चाचणी पाहिली मी काल. मला समजेचना." त्या हात झटकत उठल्या. "एकही प्रश्न सोडला नाहीस. आणि त्या शिडीच्या प्रश्नावर तर इतका वेळ घेतलास! काय करत होतीस?"

"तिथे जरा चर्चा झाली," मी म्हणालो.

"चर्चा?" बाई माझ्याकडे वळल्या. "कुणाकुणात?"

आयुष्यात मी अनेक दुकानदारांना नेमक्या याच जागी पकडलं होतं. तराजूच्या खाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं सापडलं की त्यांचा चेहरा कसा होई, तो मला आठवला. नात घाईघाईनं म्हणाली, "बाई, मीच दिली ती. माझी वाईट..."

"नाही," मी म्हणालो. "चाचणी मी दिली. मी आणि खालचे इंजिनिअर. आणि समोरच्या वहिनी. आमची ही फक्त शिडीपुरती होती."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "प्रत्येक प्रश्नाखाली 'माहीत नाही' लिहिलेलं होतं. गुणही कापणार नव्हते. तिघांनाही येत नव्हतं. मग एकदाही का नाही दाबलंत?"

मी तोंड उघडलं. खात्याची सगळी शब्दसंपत्ती जिभेपर्यंत आली. नात माझ्याकडे पाहत होती, ज्या नजरेनं ती घसरगुंडीकडे पाहत असेल त्याच नजरेनं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

काही कोसळलं नाही. छप्पर जागच्या जागी होतं. नातीनं मागून माझा हात धरला.

"बघू या," बाई म्हणाल्या आणि आम्हाला घेऊन कार्यालयाकडे निघाल्या.

'इतर'ची झडप वर गेली. आत अर्थातच तेच कारकून होते. "बोला, काय काम आहे?"

त्यांनी दिलेल्या कागदावर मी लिहिलं, 'सदर चाचणी माझ्या नातीने दिलेली नसून ती मी दिली आहे.' कारकुनांनी ते वाचून कागद परत सरकवला. "यात तुम्हाला विषय येतो की नाही ते स्पष्ट होत नाही."

"त्याची काय गरज?"

"येत असेल तर ती मदत होते. येत नसेल तर नुसती चूक. मदतीला शिक्षा आहे, चुकीला नाही."

मी खाली एक वाक्य वाढवलं, 'मला कॅल्क्युलस येत नाही.' कारकुनांनी ते रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, आणि त्यावर गोल शिक्का मारला. 'खरे असे.' आयुष्यभर मी लोकांच्या वजनांवर शिक्के मारत आलो. माझं वजन अधिकृतपणे प्रमाणित झालं ते त्या दिवशी. रांगेतली एक बाई मला म्हणाली, "मलाही येत नाही हो," आणि तिच्यामागच्या गृहस्थांनी घाईघाईनं मान डोलावली. मला वाटतं, तिथे छोटीशी सभाच भरली असती, पण तेवढ्यात 'इतर'ची झडप पडून 'चौकशी'ची वर गेली आणि रांग तिकडे धावली.

नातीनं चाचणी बाईंच्या खोलीत बसून दिली. मी बाहेर लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, तिची वाट पाहत बसलो. ती बाहेर आली तेव्हा तिला भूक लागली होती.

"कशी गेली?"

"बरी गेली. काही ठिकाणी माहीत नाही टाकलं."

"टाकीला?"

"टाकी आली मला. शिडीपण आली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "शिडी थोडी अवघडच असते, आजोबा."

यंत्राचा निकाल बाईंनी वाचला. 'विद्यार्थिनीला आपल्या ज्ञानाचा चांगला अंदाज आहे. मध्यम किंवा प्रगत, दोन्ही योग्य. निवड विद्यार्थिनीने करावी.'

प्रगत! मला इंजिनिअर दिसले, वहिनी दिसल्या, जिन्यात उभं राहून मी सहज बोलता बोलता सांगतोय, "आमच्या नातीला प्रगत मिळालं बरं का," असं दृश्य दिसलं. कालच्या सगळ्या फजितीवर एका शब्दात पांघरूण पडणार होतं. नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार ते तिला पुरतं ठाऊक होतं आणि तिनं त्याची तयारीही केली होती, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"तुझं काय ठरलंय?" मी विचारलं.

"मध्यम."

"मग मध्यम," मी म्हणालो. तिचे खांदे खाली आले. माझ्या आत प्रगत हा शब्द अजून थोडा वळवळत होता, पण तो माझा मी गिळला.

घरी इंजिनिअर फाटकातच भेटले. "मध्यम ना? मी म्हणत होतोच. डोळे झाकून मध्यम." वहिनींनी बाल्कनीतून विचारलं, "मध्यम घेतलं की कुठे जातात हो, भाऊजी?" त्यांचा खरा प्रश्न हा असणार. मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. त्या इतक्या चकित झाल्या की हातातला कपडा न पिळताच दोरीवर टाकला.

वर्ग सुरू व्हायला वेळ होता, तरी बाईंनी नातीला सुट्टीचं काम दिलं होतं. आपापल्या इमारतीतला एखादा उतार मोजून आणायचा. आमच्या फाटकापाशी गाड्या चढवायला केलेला उतार आहे. संध्याकाळी नात टेप, दोरी आणि वही घेऊन तिथे गेली. मीही गेलो. इंजिनिअर आले, वहिनी आल्या, ही दार लोटून आली. एवढी मंडळी जमलेली पाहून माझं मन भरून आलं. आपल्याला जे उमगलं ते चार लोकांपुढे ठेवणं हे वयस्कर माणसाचं कर्तव्य आहे, असं मला तीव्रतेनं जाणवलं. मी उताराच्या वरच्या टोकाला उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"मित्रहो," मी म्हणालो, "माणसाच्या ज्ञानाची खरी पातळी त्याला काय येतं यावरून ठरत नाही. ती ठरते..."

"आजोबा," खालून नात म्हणाली, "जरा वाकून टेपचं ते टोक धरता का? शून्याकडचं. आणि बोलू नका ना, टेप हलते."